बारा पावलांचे अंतर

ज्या गावाने 4 फेब्रुवारी 1959 या दिवशी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झालेली पाहिली, आणि जेथून 260 मीटर लांबीचे रूळ आगगाड्यांवर लादून देशाच्या चारी कोपऱ्यांत सुखरूप रवाना केले जातात, त्या भिलाईत, सेक्टर सातमधील माझ्या क्वार्टरात, तीन तासांचे एक नाटक निजण्याच्या खोलीतून बैठकीच्या खोलीत, म्हणजे माझ्या पावलांनी मोजून बारा पावलांवर, पोचविण्याच्या खटाटोपात माझे पाच दिवस गेले आणि तरीही ते तेथे पोचले नाही, हे कबूल करताना मला सेवानिवृत्त पोलादकर्मी या नात्याने मनस्वी संकोच होतो. रघूजी भोसल्यांचे चिरंजीव बिंबाजी 1758 साली याच छत्तीसगढात रतनपुरास येऊन राज्य करू लागले, तेव्हा नागपूरचा खलिता घेऊन निघालेला सांडणीस्वार वाटेतील अरण्ये आणि नद्या ओलांडून केव्हा ना केव्हा तरी मुक्कामास पोचतच असणार. माझ्या वाटेत अरण्य नव्हते. एक जेवणाचे टेबल आणि एक चपलांचे कपाट, एवढेच काय ते होते.

या नाटकाविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. 1989 च्या गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळींनी एक ऐतिहासिक नाटक बसविले होते आणि त्यात माझे काम होते. हे वाक्य मूळचे एवढेच होते. परंतु मुरांब्याप्रमाणे काही वाक्ये बरणीत मुरत जातात आणि कालांतराने मूळच्या कैरीची चव कोणालाच आठवत नाही. मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा ‘माझे काम होते’ याचे ‘महत्त्वाचे काम होते’ झाले. ती कॉलेजात गेली तेव्हा ‘मुख्य भूमिका’ झाली. आणि तिला पाहावयास पुण्याची मंडळी आली तेव्हा, ते सारे नाटकच माझ्या खांद्यांवर उभे होते, असे मी चहाचा कप हाती धरून अत्यंत विनयपूर्वक सांगितल्याचे मला स्मरते. मला स्वतःलाही त्यात असत्य असे काही वाटत नव्हते, कारण तोवर माझीही मूळची कैरी विरघळून गेली होती.

अशा परिस्थितीत, माळ्यावरच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात त्या नाटकाची व्हिडिओ कॅसेट सापडली. सिव्हिक सेंटरमधील एका दुकानदाराने ती संगणकात उतरवून दिली; सहा जीबीची एक फाईल झाली. दिवाळीसाठी पुण्याहून आलेल्या नातीने ‘आजोबा, तुम्ही हिरो होतात ना? दाखवा!’ असा हट्ट धरला, आणि जावईबापूंनी, जे संगणक-अभियंता असून सातासमुद्रापलीकडील एका बँकेचा कारभार आपल्या लॅपटॉपवरून सांभाळतात, ती फाईल त्या लॅपटॉपात घेऊन सहज उद्गार काढले, ‘बाबा, दोन मिनिटांचं काम आहे.’

आता कोणी म्हणेल की लॅपटॉपवरच पाहिले असते तर काय बिघडले असते? परंतु माझी भूमिका चौदा इंचांत मावणारी नव्हती. बैठकीत त्रेचाळीस इंचांचा दूरदर्शन-संच असताना मी आपल्या कीर्तीचा संकोच का करावा? कोणी असेही म्हणेल की तार जोडायची होती. जोडली असती, परंतु जावईबापूंचा लॅपटॉप अलीकडच्या सौंदर्यकल्पनेप्रमाणे इतका सडपातळ आहे की तार खुपसावयास त्याच्या अंगावर भोकच ठेवलेले नाही.

‘तार वगैरे जुन्या गोष्टी झाल्या,’ जावईबापू म्हणाले. ‘दोन्ही एकाच वायफायवर आहेत. आपोआप ओळखतील एकमेकांना.’

एका छपराखाली राहणारे लोक एकमेकांना आपोआप ओळखतात, हा भाबडा विश्वास तरुण वयातच शोभतो.

मग त्यांनी मला या सोयरिकीची प्रक्रिया समजावून सांगितली, आणि खोटे कशाला बोलू, ती मला फार आवडली. भिंतीवर टांगलेल्या राऊटर नामक पेटीत एक अंमलदार बसलेला असतो. घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्रास तो 192.168 पासून सुरू होणारा एक क्रमांक ठरावीक मुदतीच्या पट्ट्याने बहाल करतो आणि मुदत संपत आली की पट्ट्याचे नूतनीकरण करतो. आमचे क्वार्टरही लीजवरच असल्यामुळे ही व्यवस्था मला तत्काळ उमगली. गंमत अशी की हाच 192.168 पुण्यातही असतो, नागपुरातही असतो आणि अमेरिकेतही असतो; 1996 पासून हे आकडे खासगी जाळ्यांसाठी गायरानासारखे राखून ठेवलेले आहेत, ज्याने त्याने आपापली गुरे त्यांवर चारावीत. पट्टा मिळाल्यावर चित्रपट बाळगणारे यंत्र 239.255.255.250 या चव्हाट्याच्या पत्त्यावर दवंडी पिटते, ‘ऐका हो ऐका, मजपाशी नाटक आहे!’, आणि दूरदर्शन-संच ती दवंडी ऐकून हजर होतो. मात्र दवंडीचा आवाज गावच्या वेशीबाहेर जात नाही. ही शेवटची अट मी त्या वेळी विशेष लक्ष देऊन ऐकली नाही, आणि ऐकविणाऱ्यानेही तिच्याकडे लक्ष दिले नाही.

पहिल्या सायंकाळी जावईबापूंनी लॅपटॉपात ‘बाबांचे नाटक’ या नावाचे दप्तर उघडून दवंडी सुरू केली. आम्ही सगळे बैठकीत ओळीने बसलो. सौभाग्यवतींनी चिवडा आणला. दूरदर्शन-संचाने थोडा वेळ चक्र फिरविले आणि जाहीर केले की आसपास कोणतेही यंत्र आढळले नाही. जावईबापूंनी संचाचा क्रमांक तपासला, तो 192.168 ने सुरू होत होता. लॅपटॉपाचा तपासला, तोही तसाच. ‘म्हणजे एकाच नेटवर्कवर आहेत,’ त्यांनी निकाल दिला, ‘आणि टीव्हीचा सिग्नल बघा, फुल! लॅपटॉपपेक्षा जास्त!’ मला माझ्या संचाचा अभिमान वाटला. चिवडा संपला.

दुसऱ्या दिवशी दरखास्तींचे सत्र सुरू झाले. लॅपटॉप म्हणे, हे जाळे सार्वजनिक आहे की खासगी, याचा आधी दाखला द्या. दाखला दिला. मग म्हणे, शोध घेण्याची मुभा द्या. दिली. मग संरक्षक-भिंत आडवी आली. तिला अर्ज केला. मग त्याने वहिवाटदाराचे नाव आणि परवलीचा शब्द मागितला, जो जावईबापूंनी स्वतःच ठेवलेला असून स्वतःलाच आठवत नव्हता. मी कारखान्यात नोकरीस होतो तेव्हा एक साधा पाना भांडारातून सोडविण्यासाठी तीन प्रतींत मागणीपत्र भरून तीन सह्या घ्याव्या लागत, आणि आम्ही त्याला लालफीत म्हणून नावे ठेवीत असू. आता मला त्या भांडारपालाची क्षमा मागावीशी वाटते. तो निदान शेवटी पाना देत असे.

‘राऊटर बंद करून पुन्हा सुरू करा,’ असा सल्ला या पाच दिवसांत मला एकूण अकरा जणांनी दिला, ज्यांत एक गॅसचे सिलिंडर आणून देणारा होता. ज्याने उमेदीची सारी वर्षे ब्लास्ट फर्नेसच्या धगीपाशी घालविली, त्याला हा उपदेश किती झोंबतो हे इतरांस कळणार नाही. झोतभट्टी एकदा पेटली की ती वर्षानुवर्षे रात्रंदिवस धडधडत राहते. तिच्यात काही बिघाड झाला तर ‘बंद करून पुन्हा सुरू करा’ असे सुचविणाऱ्या माणसास आम्ही कारखान्याच्या फाटकातून आतही घेतले नसते. तरीही मी राऊटर बंद करून पुन्हा सुरू केला. एकदा डाव्या हाताने केला, एकदा देवाचे नाव घेऊन केला. सकाळी भांडी घासावयास येणाऱ्या बाईंनी मला त्या पेटीसमोर हात जोडलेल्या अवस्थेत पाहिले आणि कळवळून विचारले, ‘का होगे बबा, टीवी बिगड़ गे का?’

त्याच दिवशी एक चमत्कार घडला. शोध घेता घेता संचाच्या पडद्यावर एक दप्तर उमटले! आम्ही सारे टाळ्या वाजवीत उठलो. परंतु त्याचे नाव ‘बाबांचे नाटक’ नव्हते. पडद्यावर लिहिले होते, ‘मुन्ना का मुंडन’.

सौभाग्यवती नागपूरच्या महालातल्या. छत्तीसगढात चाळीस वर्षे काढूनही त्यांच्या बोलण्याचा माहेरचा ठसा पुसला गेलेला नाही. त्या म्हणाल्या, ‘मुंडन तर बाजूच्यांच्या मुन्नाचं झालं न जी मागच्या महिन्यात. आपल्याकडे पेढे नव्हते का आले?’

जावईबापू मंद हसले. त्या हास्यात वडीलधाऱ्यांविषयीचा आदर आणि अज्ञानाविषयीची करुणा यांचे यथायोग्य मिश्रण होते. ‘आई, ते तसं नसतं. ते सिस्टिमचं फोल्डर असेल,’ असे म्हणून त्यांनी ते बंद केले. मीही, विज्ञानाच्या बाजूने उभे राहणे हे कर्तव्य समजून, सौभाग्यवतींस स्वयंपाकघराकडे लक्ष देण्याविषयी सुचविले. हे सुचविणे पुढे मला किती महागात पडले याची नोंद या लेखात करावी की न करावी, याविषयी अद्याप घरात एकमत नाही.

स्वयंपाकघराकडे त्यांचे लक्ष गेले. पाठोपाठ आमचेही गेले. मायक्रोवेव्ह भट्टी आणि वायफाय ही दोन्ही साधारण 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात आणि त्यामुळे एकीच्या कामात दुसरीचा व्यत्यय येऊ शकतो, असे जावईबापूंनी सांगताच त्या निरपराध भट्टीवर जप्ती आली, आणि त्या रात्री सर्वांनी वरण थंडच खाल्ले. नाटक दिसले नाही ते नाहीच.

तिसऱ्या दिवशी जावईबापू म्हणाले, ‘आता सांबाच लावावा लागेल.’

नातीला वगळता घरातील सर्वांच्या मुद्रा उजळल्या. 1975 साली ‘शोले’ आला तेव्हापासून सांबा म्हणजे उंच खडकावर बंदूक घेऊन बसलेला, आणि मालकाने विचारल्यावर मोजून तीन शब्दांचे उत्तर देणारा, असा एक अत्यंत मितभाषी सेवक, हीच आमची समजूत होती. हा सांबा निराळा निघाला. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल नामक गृहस्थाने, भिन्न जातींच्या संगणकांना एकमेकांच्या फायली वाचता याव्यात म्हणून, नव्वदच्या दशकाच्या आरंभी एक प्रणाली रचली. ती ज्या संकेतावर चालते त्याची अक्षरे एस, एम आणि बी. तेव्हा ही तीन अक्षरे ज्यात येतात असा शब्द त्याने यंत्राकरवी कोशातून शोधून काढला, आणि तो निघाला सांबा. ही हकीकत मला इतकी रम्य वाटली की मी ती दोनदा सांगावयास लावली. दरम्यान खुद्द सांबा मात्र आपल्या चित्रपटातील नामबंधूप्रमाणे खडकावर बसून राहिला, आणि त्याने तीन शब्दही उच्चारले नाहीत.

माझ्या मनात एव्हाना शंका येऊ लागली होती की दोष यंत्रांचा नसून संस्कारांचा असावा. यंत्रांनी एकमेकांशी सलोख्याने वागावे म्हणून निरनिराळ्या कंपन्यांनी 2003 साली एक आघाडी स्थापन केली होती. डीएलएनए हे तिचे नाव, आणि कोट्यवधी संचांवर तिची मोहोर उमटलेली आहे. ही आघाडी 2017 साली बरखास्त झाली. सोयरीक जुळविणारा भटजी मध्येच उठून गेल्यावर वऱ्हाडी मंडळींनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

चौथ्या दिवशी मी राजकारणाचा मार्ग सोडून हमालीचा धरला. ड्रॉवरमध्ये 32 जीबीचा एक पेनड्राइव्ह होता. बत्तीसांच्या कोठीत सहा सहज मावतील, असे माझे पाचवी इयत्तेचे अंकगणित सांगत होते. परंतु त्या पेनड्राइव्हने मला कळविले की जागा पुष्कळ आहे, मात्र फाईल फार मोठी आहे. त्याच्या अंतरंगाची मांडणी फॅट-32 नावाच्या जुन्या पद्धतीची असून तीत चार जीबीहून मोठी एक वस्तू ठेवताच येत नाही, मग कोठी कितीही रिकामी असो! हा न्याय मला रेल्वेच्या डब्यात भेटला होता. सारा बाक मोकळा, पण त्यावरील एकुलता एक गृहस्थ म्हणणार, ‘जागा आहे हो, पण तुमची वळकटी मोठी आहे.’

नाटकाचे दोन तुकडे केले. दोन्ही पेनड्राइव्हमध्ये बसले. पेनड्राइव्ह संचात बसला. संच म्हणाला, हे स्वरूप मला वाचता येत नाही.

‘कोडेकचा प्रश्न आहे, बाबा,’ जावईबापू थकलेल्या स्वरात म्हणाले. ‘म्हणजे चित्र ज्या भाषेत लिहिलंय ती भाषा ह्याला येत नाही. भाषांतर करावं लागेल.’

भाषांतर! या भूमीत भाषांतरकारांची वाण कधी नव्हती. याच छत्तीसगढातील पेंड्र्याहून 1900 साली ‘छत्तीसगढ मित्र’ सुरू करणारे माधवराव सप्रे हे आमच्यासारखेच मराठी घरातले. त्यांनी समर्थांचा दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत आणले. ज्या प्रांतात गीतारहस्याचे भाषांतर झाले तेथे माझ्या नाटकाचे होऊ नये? लॅपटॉपाने ते काम अंगावर घेतले आणि अकरा तासांची मुदत मागितली. दहाव्या तासाला वीज गेली, राऊटर विझला, पंखा थांबला. लॅपटॉपाची बॅटरी काही काळ निष्ठेने तेवत राहिली आणि मग तीही मालवली. नात म्हणाली, ‘आजोबा, राहू दे. मला माहीत आहे तुम्ही हिरो होता ते.’ एका हट्टी बालकाच्या तोंडून असा समजूतदारपणा ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आले. आणि आपण निदान परीक्षेला न बसताच उत्तीर्ण झालो, अशी एक चोरटी निश्चिंतीही वाटून गेली.

पाचव्या दिवशी सकाळी मी तुळशीला पाणी घालीत असता शेजाऱ्यांनी भिंतीवरून मान वर केली. हे गृहस्थ रेल मिलमध्ये कामास असून स्वभावाने अत्यंत सालस आहेत. आज मात्र त्यांच्या चेहऱ्यावर एक निराळेच तेज होते.

‘अंकल,’ ते म्हणाले, ‘आप तो छुपे रुस्तम निकले! अम्मा तीन दिन से आपका नाटक देख रही हैं. रोज दोपहर में. पेट पकडकर हंसती हैं.’

मी तांब्या खाली ठेवला. ते नाटक गंभीर होते.

‘कौनसा नाटक?’

‘वही, बाबांचे नाटक. हमारे टीवी पर अपने आप आ गया. हमको लगा आपने ही भेजा होगा, दिवाली के फराल के साथ.’

मग जो पंचनामा झाला त्यात सत्य बाहेर आले ते असे. गेल्या पावसाळ्यात आमची लाइन आठ दिवस बंद पडली, तेव्हा सौभाग्यवतींची मालिका बुडू नये म्हणून मी शेजारून, जसे विरजण मागावे तसे, त्यांच्या वायफायचा परवलीचा शब्द मागून आणला आणि दूरदर्शन-संचास दिला. पुढे रस्ता खणताना त्यांची तार तुटली, तेव्हा त्यांनी आमचा शब्द मागून नेऊन आपल्या संचास दिला. विरजण परत करण्याची पद्धत कोठेच नसते. दोन्ही लाइनी दुरुस्त झाल्या, दोन्हीकडच्या मालिका उत्तम चालू राहिल्या, आणि त्या दिवसापासून माझा संच त्यांच्या घरात नांदत होता नि त्यांचा माझ्या. माझ्या संचाचा सिग्नल फुल होता याचे कारण त्यांचा राऊटर आमच्या सामाईक भिंतीवरच टांगलेला होता. दोन्ही अंमलदार 192.168 चेच पट्टे वाटीत होते. जावईबापूंची दवंडी पहिल्याच दिवशी खणखणीत वाजली होती. केवळ ती ज्या वेशीत वाजत होती तेथे माझा संच राहत नव्हता, शेजाऱ्यांचा राहत होता. आणि त्यांचा नवा असल्यामुळे त्याला ती भाषाही वाचता येत होती.

‘मुंडनाचं मी म्हटलं होतं न,’ सौभाग्यवती म्हणाल्या. एवढेच म्हणाल्या. लाटणे खाली ठेवण्याचीही त्यांना गरज वाटली नाही.

जावईबापूंनी संच दोन मिनिटांत आमच्या वायफायवर परत आणला असता. परंतु शेजाऱ्यांनी सर्वांना आपल्याकडेच बोलाविले आणि अम्मांनी चहा टाकल्याचे सांगितले. तेव्हा 1987 साली रविवारी सकाळी ‘रामायण’ पाहावयास आख्खी गल्ली ज्या रीतीने एकाच्या घरी लोटत असे, त्याच रीतीने आम्ही आपापल्या खुर्च्या उचलून निघालो. माझी वेताची होती. वाटेत दोन घरांतील माणसांनी कुठे निघालात म्हणून विचारले, आणि नातीने त्यांनाही बोलाविले.

नाटक सुरू झाले. महाराज आले, मंत्री आले, फितूर सरदार आला. मी आलो नाही. पहिला अंक संपला, दुसरा लागला. नातीने विचारले, ‘आजोबा, तुम्ही कधी येता?’ मी म्हटले, नायकाचा प्रवेश नेहमी उशिरा असतो. एक तास बावीस मिनिटांनी सिंहासनाच्या उजव्या बाजूस, पहिल्या भालदाराच्या मागे, भाला धरून उभा असलेला दुसरा भालदार दृष्टीस पडला, आणि छत्तीस वर्षांचा मुरांबा एका क्षणात पुन्हा कैरी झाला. त्या भालदारास एकच वाक्य होते, महाराजांची स्वारी येत असल्याची वर्दी देण्याचे. ते त्याने फितूर सरदाराचे स्वगत अर्धे झाले असतानाच ठोकून दिले. विंगेतून महाराज शेला सावरीत धावत आले. वर्दीच्या जोराने भालदाराच्या मिशीची डावी बाजू सुटून लोंबू लागली; ती सावरण्यासाठी त्याने भाल्याचा हात उचलला; भाला सिंहासनावर पडला; आणि सिंहासन, जे आमच्या वसाहतीतीलच कोणाच्या तरी घरून आणलेले होते, आपल्या पाठीसकट मागे कलंडले.

कोणी काही बोलले नाही. जावईबापू छताकडे पाहत होते. नातीने अत्यंत हळू आवाजात विचारले, ‘मग हिरो कोण होतं?’

तेवढ्यात खाटेवर बसलेल्या अम्मा, ज्यांना मराठीचे एक अक्षर कळत नाही, पदराने डोळे पुसत, हसू आवरीत मुलाला म्हणाल्या, ‘अउ एक घांव चला न, बेटा!’

मराठी रंगभूमीवर ज्याला ‘वन्स मोअर’ म्हणतात तो हाच. शेजाऱ्यांनी रिमोट उचलून चित्र मागे नेले. सिंहासन उभे राहिले, भाला हातात आला, आणि माझी मिशी खालून वर जाऊन पुन्हा ओठावर नीट बसली.